कुंकवाखालचा आकडा

ये गं वैजू, अशी जवळ बस. काल फोनवर काय म्हणालीस? "पाच काय नि सहा काय, एकाचाच तर फरक!" एवढी शिकलीस, मारतहळ्ळीत मोठ्या कंपनीत जातेस, आणि भूकंपाबद्दल असं बोलतेस? त्या एकापायी माझी नोकरी जायची होती.

किल्लारीनंतर एक-दोन वर्षांतली गोष्ट. बेंगळुरूबाहेर आमचं भूकंप मोजायचं केंद्र. मी तिथं टेम्पररी रेकॉर्ड रीडर. मॅट्रिकनंतर लॉग टेबल माझं मीच शिकलेली. ड्रमवर कागद फिरायचा, पेन रेघ काढायचं. जमीन हलली की रेघ नाचायची. ती किती उंच गेली ते पट्टीनं मोजायचं, धक्का किती लांबचा ते अंतर धरायचं, आणि अंक काढायचा. अंक एकानं वाढला की कंप दहापट. आणि शक्ती? जवळजवळ बत्तीसपट!

दसऱ्यानंतरचा पहिला कामाचा दिवस. सुट्टीआधी मशीनची आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, झालेली. दुपारी अडीचला धक्का आला. मी मोजला : चार पॉइंट तीन. धक्का बसलेल्या तालुक्यातल्या सरकारी साहेबांचा लगेच फोन. मुलींचं वसतिगृह जुन्या दगडी इमारतीत होतं. "रिकामं करू का? मुलींना घरी पाठवू?" आमचे केंद्रप्रमुख राव सर फॅक्स लिहायला बसले. त्याच टेबलावर मला कायम करायचा कागद सहीसाठी पडलेला.

तेवढ्यात माझी नजर कागदावर एक वाजताच्या रेघेवर गेली. जवळच्या खाणीत रोज एकला सुरुंग लागतो, तो आमच्या कागदावर उमटतो.

"सर, फॅक्स स्वल्प, थोडा वेळ थांबवा."

"अक्का, साहेब फोन धरून बसलेत!"

"सुरुंगाची रेघ बघा. रोज तीन मिलिमीटर, आज तीन सेंटिमीटर."

"दारू जास्त भरली असेल."

"दहापट रेघ म्हणजे बत्तीसपट शक्ती, सर. तो कॉन्ट्रॅक्टर आयुधपूजेला चुरमुरेसुद्धा मोजून वाटतो!"

सर हसले, पण उठले. आम्ही मशीनपाशी गेलो. त्याला एक नॉब असतो, गेनचा. म्हणजे कंप कितीपट मोठा करून काढायचा ते ठरवणारा. त्याच्या आकड्यांवर गंध-कुंकवाचा जाड टिळा. मी पदरानं पुसला. काटा शंभरावर हवा, होता हजारावर.

"पूजा कुणी केली?"

"मीच, सर. मशीन पुसताना फिरला असणार."

सरांनी पेन उचललं. चार पॉइंट तीन खोडलं, तीन पॉइंट तीन लिहिलं. फोनवर म्हणाले, "इमारतीला तडा गेलाय का तेवढं बघून घ्या. नसेल तर मुलींना कशाला घरी पाठवता? जेवायला वाढा." मग माझ्याकडे वळले. "पुढच्या वर्षी टिळा मशीनच्या पाठीला लावा, अक्का."

दोन दिवसांनी माझा कागद आला, सही होऊन. कामांच्या यादीखाली पेन्सिलीनं एक काम वाढवलेलं : 'रोज सकाळी नॉब बघणे.' रिटायर होईपर्यंत बघितला.

तर बाई, रेघ मोठी दिसली की घाबरण्याआधी नॉब बघावा. आणि एकाच्या फरकाला "एकच" म्हणू नये. आता निघालीस ना? पुढच्या रविवारी मुलांना घेऊन ये, जेवायलाच ये. लॉग टेबल अजून आहे माझ्याकडे, त्यांना दाखवीन.