बाबांनी पुन्हा मागून घेतलेलं सूप

जपानी कार्टून बघून कुणी स्वयंपाक केलाय? मी आज केला.

आजारपणापासून बाबांची अन्नावरची वासनाच उडाली आहे. दोन घास खाल्ले तरी पुष्कळ. काल माझ्या लेकीबरोबर जपानी ॲनिमेशनपट बघताना ते अचानक म्हणाले, "हे वाफाळतं काय खातायत गं? बरं दिसतंय."

आज दुपारी सदाशिव पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी तेच केलं. नूडल्सचं सूप, वर पातीचा कांदा आणि उकडलेलं अंडं. नूडल्सचा पार गिचका झाला.

बाबांनी वाडग्यात बघितलं. "सिनेमातलं वेगळं होतं," म्हणाले. मग वाडगा तोंडाला लावून सगळं संपवलं.

"अजून आहे का?"

मी आत जाऊन आधी डोळे पुसले, मग वाढलं.

अशा सिनेमांतलं उद्या काय करू, सुचवा ना. बाबांनीच विचारलंय.