पेटी उघडता कामा नये

माणसाने अखेर अणूला वेसण घातली आहे, असे आमचे संचालक प्रत्येक समारंभात सांगत. असेलही. पण वेसण घातलेला हा अणू बेंगळूरहून बेळगावला कुठल्या खोक्यातून पाठवायचा, हे साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या इस्पितळात कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ते ठरवण्याचे काम माझ्याकडे होते.

बेळगावच्या एका इस्पितळाला कर्करोगाच्या रुग्णांसाठी आमच्या रेडियमच्या सुया उसन्या हव्या होत्या. सुया म्हणजे खरोखर सुयाच, फक्त पोटात रेडियम भरलेल्या. त्या शिशाच्या जाड भांड्यात ठेवायच्या, भांडे भुसा भरलेल्या पेटीत, आणि पेटी रेल्वेच्या पार्सलने. परदेशातून आलेली नियमावली म्हणत होती की पेटी कठीण जमिनीवर पडली तरी उघडता कामा नये. संचालकांनी सागवानी पेटी करवून घेतली होती. चकचकीत पॉलिश, पितळी कडी, झाकणावर संस्थेचे बोधचिन्ह. चाचणी म्हणून दोघांनी ती टेबलाच्या उंचीवरून हिरवळीवर अलगद सोडली. उघडली नाही. टाळ्या झाल्या, कॉफी आली.

"सर, नियमात कठीण जमीन म्हटलंय," मी म्हणालो.

"आपल्या संस्थेच्या पेट्या पडत नसतात," संचालक म्हणाले. "त्या ठेवल्या जातात."

मला ते पटले नाही. पेटीला पाठ टेकून डुलक्या घेणारा रेल्वेचा गार्ड सारखा डोळ्यांसमोर येई. शेवटी मी त्याच भांड्यात गोधडी शिवायच्या साध्या सुया भरल्या आणि पेटी बेळगावला, अक्काच्या सासरी, लावून दिली. दिवाळीला अक्का माहेरी आली ती बोलतच.

"तम्मा, काय रे पाठवलंस ते?" धाकटा भाऊ म्हणून ती मला अजून तम्माच म्हणे. "कडी तुटलेली, झाकण उघडं, भुसा सगळा पार्सल हापिसात! आणि एक सुई हमालाच्या अंगठ्यात. चोखत बसला होता. मला विचारतो, बाई, तुमचे भाऊ शिंपी काय?"

ती पोट धरून हसत होती. माझ्या बशीत कॉफी सांडली.

"स्वल्प हस की रे, थोडं तरी! सुईच टोचली ना, साप तर नाही चावला."

सुट्टी संपताच मी संचालकांना सगळे सांगितले. ते विचारात पडले.

"मग दोन कड्या लावू."

"सर, ती सुई आपली असती तर? तो अंगठा तोंडात घालून बसला होता."

त्यांनी कड्यांचा विषय सोडला. म्हणाले, "बोधचिन्ह तरी राहू द्या."

तेही राहिले नाही. ती जागा धोक्याच्या चिठ्ठीला लागली. नवी पेटी साध्या फळ्यांची, दिसायला कोंबड्यांच्या खुराड्यासारखी. भांड्याच्या झाकणाला बोल्ट, फळ्यांना लांब स्क्रू, भोवती लोखंडी पट्ट्या. आत साध्या सुया घालून मी ती इस्पितळाच्या दगडी जिन्यावरून पुन्हा पुन्हा खाली लोटली. रुग्ण बघत होते. एकाने नर्सला विचारले, "ह्यांना काय झालंय?"

मग खऱ्या सुया गेल्या. तार येईपर्यंत मी कुणाशी धड बोललो नाही. पोस्टाचा शिपाई फाटकातून आत आला की मी हातातले काम टाकून त्याला गाठे.

तार आली. पेटी सुखरूप पोचली होती. ती कुणालाच उघडता येत नव्हती, आणि सुतार सोमवारी येणार होता.