फ्रेंचबाईचं धिरडं

आमच्या सोसायटीतल्या फ्रेंचबाईला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. ती निफाडची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. नवरा वाइन बनवण्याचं काम शिकायला फ्रान्समधल्या एका खेड्यात दोन वर्षं होता. ही त्याच्याबरोबर गेली आणि तिथल्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात रमली. "म्हातारीला मराठी येईना, मला तिचं कळंना. दोघी हातानंच बोलायचो," असं ती सांगे. परत आल्यावर गंगापूर रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तेव्हा ती पस्तिशीची होती आणि मी पन्नाशी ओलांडलेली. अक्कल मात्र उलटी वाटली गेली होती, हे आज आजी झाल्यावर कबूल करायला हरकत नाही.

मे महिन्यात रविवार कारंज्याच्या बाजारात चेरीची चपटी खोकी दिसू लागली की तिचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन माळ्यावरून खाली येई. अंडी, साखर, दूध, मैदा एकत्र फेटायचं, लोणी फासलेल्या भांड्यात चेऱ्या अंथरून त्यावर ओतायचं आणि भाजायचं. याचं खरं नाव क्लाफूती. ती म्हणे 'फुगलेलं धिरडं'. ओव्हनमधून निघताना ते टम्म असे आणि ताटलीत येईपर्यंत खाली बसे. कुणी हळहळलं की ती म्हणायची, "बसू द्या की. दमलं असंल."

तोवर आमच्या सोसायटीत गोडाचा विषय निघाला की माझ्या गूळपोळीपाशी येऊन संपायचा. आता तो समोरच्या दारात जाऊ लागला. आमच्या घरात अंडं येत नसे, पण ह्यांचं सोवळं जिन्याच्या चौकापर्यंतच चाले. तीस वर्षांत माझ्या कुठल्याही पदार्थाला 'बरं झालंय' यापुढे न गेलेला हा माणूस धिरड्याच्या पहिल्याच घासाला डोळे मिटून बसला. मी शेजारी डोळे उघडे ठेवून बसले होते.

मग एका मेअखेरीला हे निवृत्त झाले. ऑफिसची वीस माणसं घरी जेवायला येणार होती. गोड काय करायचं, असं मी विचारलं. गूळपोळी म्हणतील आणि मी उन्हाळ्यात नको म्हणून आढेवेढे घेईन, असा माझा बेत होता. हे म्हणाले, "फ्रेंचबाईंना सांगू या का?"

"कशाला? मीच करते," मी म्हणाले. म्हणाले आणि अडकले.

तिच्याकडे गेले. तिनं हातातली भाजी बाजूला सारून सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि काकू, चेरीच्या बिया काढायच्या नाय. बी काढली का फळ रडतं."

इथे आमच्या पिढीतल्या सुगरणींची एक रीत सांगायला हवी. पाककृती मागितली तर नाही म्हणायचं नाही. सांगायची, प्रेमानं सांगायची, फक्त एक गोष्ट विसरायची. मी तिला गूळपोळी शिकवली तेव्हा गुळात भाजलेलं बेसन घालायचं विसरले होते. त्यामुळे दर संक्रांतीला तिचा गूळ तव्यावर पळे आणि ती म्हणे, "माझा हातच नाय त्याला." मी तिला धीर देत असे.

अशा बाईला बियांची गोष्ट ऐकून काय वाटणार? वाटलं, कवळीवाले पाहुणे येणार हे हिला ठाऊक आहे. माझ्या दारात दोन-चार दात पाडायचा हिचा बेत दिसतो. मी घरी आले आणि दार लावून दोन किलो चेऱ्यांच्या बिया केसांच्या आकड्यानं काढल्या. वर साखर भुरभुरून ठेवल्या. अंडी मी स्वतः, चार गल्ल्या पलीकडच्या दुकानातून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली.

पाहुणे यायला तासभर होता तेव्हा तिच्याकडून मागून आणलेला ओव्हन उघडला. आत अळूचं फदफदं, जांभळ्या रंगाचं.

तेवढ्यात फ्रेंचबाई आली, काही मदत हवी का विचारायला. तिनं भांड्याकडे पाहिलं, मग माझ्या जांभळ्या बोटांकडे.

"काढल्या व्हय?"

"मला वाटलं तू मुद्दाम सांगितलंस."

"मुद्दाम कशाला? तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं." तिला खरोखर कळलं नव्हतं. म्हणाली, "असं बी करतात का कुणी?"

"करतात," मी म्हणाले. आणि तिथेच, ओट्यापाशी उभ्या उभ्या, बेसनाचं सांगून टाकलं.

मग तिनं पदर खोचला. "ते मागनं बघू. आधी वाट्या काढा." फदफदं वाट्यांत भरून, बर्फावर गार करून, वर सायीचा गोळा ठेवून तिनं वीस माणसांना वाढलं. कुणी नाव विचारलं तर सांगे, "काकूंचं हाय. मला नाय येत." हे डोळे मिटून बसले. तिच्यावर मी त्या दिवशी जितकी जळले तितकी आधी कधीच जळले नव्हते. माणसानं थोडं तरी वाईट असावं, शेजाऱ्याची सोय होते.

पुढल्या संक्रांतीला तिचा गूळ पळाला नाही. पहिली पोळी तिनं मला आणून दिली. "आता तुमच्यासारखी झाली," म्हणाली. माझ्यापेक्षा चांगली झाली होती. मी म्हणाले, "बरी झालीय."

त्यानंतर आठ वर्षं आम्ही दर मे महिन्यात एकत्र चेऱ्या आणल्या. मग तिच्या नवऱ्याला कर्नाटकात, लांबच्या कुठल्याशा द्राक्षमळ्यावर काम मिळालं. ओव्हन ती बरोबर घेऊन गेली. मी नवीन घेतला. धिरडं आता मला जमतं, नातवंडं खातात.

यंदा मे महिन्यात तिचा फोन आला. तिच्याकडे चेरी आली होती. धिरडं झालं, छान बसलं, वगैरे. मग म्हणाली, "इथं समोर एक काकू राहत्यात. त्यांना बी शिकवलं. रोज येत्यात दुपारच्या."

"कशा आहेत?"

"लय प्रेमळ. तुमच्यासारख्याच."

छान, म्हणाले मी, आणि फोन ठेवला. त्या बाईला मी पाहिलेलं नाही, पाहण्याचा संभवही नाही. पण ती मला मुळीच आवडत नाही.