चाळीस ग्रॅम मीठ

अक्कलकोटच्या बसलिंगप्पांची तीस वर्षं सोलापुरातल्या एका कारखान्यात मिठाच्या भट्टीपुढे गेली. पोलादी हत्यारं वितळलेल्या मिठात बुडवून कडक करायची, हे त्यांचं काम. कारखाना बंद पडला, तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करणाऱ्या प्रियंकाने त्यांना आपल्या प्रयोगासाठी बोलावलं. नव्या तऱ्हेच्या अणुभट्टीत असं तापलेलं मीठ खेळवतात. ते सांडलं तर कुठवर पसरेल, हवेत किती उडेल, हे तिला तपासायचं होतं.

‘अणू’ म्हटल्याबरोबर बसलिंगप्पा सावध झाले.

“मॅडम, ह्यात काय मिसळलंय की?”

“काही नाही, आण्णा. साधं मीठ आहे. तसलं काही इथं आणताच येत नाही.”

त्यांनी मान हलवली, पण जेवणाचा डबा प्रयोगाच्या शेडबाहेर लिंबाखालीच उघडला.

पहिल्या दिवशी भट्टीवरच्या मुशीत पाच किलो मीठ वितळून पाण्यासारखं पातळ झालं. त्यांनी ते पोलादी ताटात ओतलं. थिजल्यावर मुशीला चिकटलेलं, इकडेतिकडे उडालेलं सगळं खरवडून वजन केलं. चाळीस ग्रॅम कमी.

“एल्ली होयतु?” कुठं गेलं, असं ते कानडीत पुटपुटले.

“काट्याची चूक असेल,” प्रियंका घाईने म्हणाली.

त्या घाईनेच ते बिथरले. पोरगी लपवतीय काहीतरी! दुसऱ्या दिवशी ओळखीच्या किराणावाल्याची वजनं आणून त्यांनी काटा तपासला. काटा बरोबर होता. मग मीठ ओतण्याआधी, तिला न विचारता, छपराखाली काळा रंगवलेला पत्रा टांगला.

तासाभराने पत्रा उतरवला, तर त्यावर पांढरी साय धरलेली.

“हे बगा तुमचं चाळीस ग्रॅम.”

प्रियंकाने त्यावर बोट फिरवलं आणि ती स्टुलावर बसली. हवेतली भुकटी टिपायला लावलेले तिचे गाळणकागद सगळे ताटाच्या आसपास होते. छपराकडे चढणारी भुकटी तिला दिसलीच नव्हती. आण्णा येण्याआधी तिने केलेले सहाही प्रयोग फुकट गेले.

“म्हंजे तुमाला ठावंच नव्हतं?”

“नव्हतं, आण्णा. खरंच.”

एवढं त्यांना पटलं.

“पर हे आमच्या छातीत गेलं असंल, त्याचं काय?”

तिने आठवडाभर काम थांबवलं. नाकावर चांगले मास्क आले, धूर ओढणारा पंखा बसला, दोघांचीही छाती तपासून झाली. ‘छाती साफ’ असं सांगणारा तपासणीचा इंग्रजी कागद बसलिंगप्पांनी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि घरी नेऊन नातीकडून पुन्हा एकदा.