बाहुल्यांची गल्ली

"पुन्हा म्हण," असं म्हणून त्या हातातला खडू टेबलावर आडवा ठेवायच्या. खडू आडवा पडला की वर्गाला कळायचं, मॅडम चिडल्या आहेत. त्या ओरडायच्या नाहीत. राग आला की त्यांचा आवाज उलट खाली यायचा.

आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी इतिहास. नागपुरातल्या विणकरांच्या घरातल्या. बोलणं अस्सल इथलं, आणि शाळेसाठी ते बदलावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मुख्याध्यापकांशीही त्या तसंच बोलायच्या. मुख्याध्यापकांना ते खुपायचं.

पुढचं तुम्ही कुठल्या ना कुठल्या शाळेत पाहिलं असेल. सातवीत कामठीहून एक नवा मुलगा यायला लागला. मुलांनी त्याचं आडनाव विचारलं, आडनावावरून मोहल्ला शोधला आणि मोहल्ल्यावरून त्याचं नाव ठेवलं, 'किडा'. त्याच्या बाकावर कोणी बसेना. एकाने तर 'किडा' म्हणत त्याचा डबा हात न लावता पेनाच्या टोकाने सरकवला. ते नेमकं मॅडमनी पाहिलं.

"काय म्हटलं तू त्याले? पुन्हा म्हण."

"किडा," मुलगा हसत म्हणाला.

"पुन्हा म्हण."

दुसऱ्यांदा म्हणताना त्याला हसू आलं नाही.

मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "सर, तुमच्या पुस्तकात ज्यू लोकायले मारलं, ते किती ओळीत आहे?"

"दोन-तीन."

"मारायच्या आधी त्यायची उंदरासारखी चित्रं छापत होते, ते?"

"ते नाही."

"रवांडात रेडिओवरून शेजाऱ्यायले झुरळं म्हणत होते?"

"तेही नाही."

"मग ते मी शिकवते. चित्रानं सुरू झालं ना? चित्रकलेतच येते ते."

त्यांनी कामठीच्या हातमागांवरच्या चिंध्या आणल्या, कागदाचा लगदा भिजवला आणि प्रत्येक मुलाला एक बाहुली करायला लावली. बाहुलीला नाव हवं, काम हवं, आवडती भाजी हवी. सगळ्यांची मिळून एक गल्ली झाली. तिथे एक हलवाई होता, एक घोरणारा पोलीस होता. नव्या मुलाने सायकली दुरुस्त करणारी म्हातारी केली. दिवाळीपर्यंत गल्लीत एक लग्न लागलं आणि पाण्यावरून दोन भांडणं झाली. मॅडम पंगतीला बसल्यासारख्या खुशीत असायच्या.

मग एका तासाला त्या म्हणाल्या, "आजपासून निळ्या कपड्यातल्या बाहुल्यायले नळावर पाणी नाही." मुलं हसली. पुढच्या तासाला निळ्यांना हलवायाकडे जायची बंदी झाली. म्हातारी निळीच होती. त्यानंतरच्या तासाला त्यांनी एक खोकं टेबलावर ठेवलं. "निळ्यायले यात टाकायचं आहे. कोण टाकते?"

तो तास पाहायला मी वर्गात मागे उभा होतो. मला वाटलं, कोणीच उठणार नाही. भराभर हात वर झाले.

"मॅडम, ती म्हातारी चोर आहे."

"तुले कसं माहीत?"

"सगळे म्हणतात."

एका मुलीने आपल्या बाहुलीची निळी बाही उपटून तिथे लाल चिंधी लावली. दुसरीने शेजारणीची बाहुली गुपचूप आपल्या डब्यात लपवली. बाकी निळ्या खोक्यात गेल्या. मॅडमनी झाकण लावलं आणि मुलांना जर्मनीचं सांगितलं, रवांडाचं सांगितलं, काही न वगळता. "पहिल्या दिवशी तिथंही कोणी कोणाले मारलं नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी फक्त नाव ठेवलं."

डबा सरकवणारा मुलगा उठला. "मॅडम, आता त्यांना बाहेर काढू?"

"बाहुल्या निघतील गा. ते लोक नाही निघाले."

तो खोक्याजवळ गेला आणि सगळ्यात आधी म्हातारीला शोधू लागला. नव्या मुलाच्या हातात ती देताना काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही.

एक मुलगी घरी जाऊन रडली आणि पालकांची सभा बसली. एक गृहस्थ म्हणाले, "सातवीच्या मुलांना हे कशाला? कुठलं परदेशातलं."

"परदेशातलं आहे ना?" मॅडमचा आवाज खाली आला. "मग 'किडा' हा शब्द पोरायनं कोणाच्या घरून आणला?"

मी उठून सांगितलं की असा धडा मला वीस वर्षांत जमला नाही. संस्थेच्या सचिवांनी मला बसायला सांगितलं आणि मॅडमना लेखी माफी मागायला.

"माफी त्या पोराची मागा," त्या म्हणाल्या, "मी पण येते तुमच्या संग." आणि निघून गेल्या.

त्या कंत्राटी होत्या. उन्हाळ्यानंतर त्यांना बोलावलं नाही. नव्या मुलाच्या वडिलांनीही त्याचा दाखला काढून नेला. त्याला रोज शिवी मिळत होती तेव्हा एकही सभा बसली नव्हती. हे आठवलं की अजून माझे कान तापतात. सचिवांपेक्षाही त्या सभेत खाली मान घालून बसलेल्या भल्या माणसांचा मला जास्त राग येतो.

मॅडम आता कन्हानला खाणकामगारांच्या मुलांना शिकवतात असं ऐकतो. आमच्याकडे नवे सर आले आहेत. शांत आहेत, तक्रार नाही. त्यांच्या तासाला मुलं दोन डोंगर काढतात, मधून सूर्य, खाली नदी. फार सुबक काढतात. वर्गाच्या भिंती त्या डोंगरांनी भरल्या आहेत, आणि एकाही चित्रात माणूस नाही.