चिठ्ठीची कापलेली ओळ

ऑर्विल ट्वेट आयुष्यात एकदाच खोटं वागला, आणि तेही माझ्या सांगण्यावरून.

चाळीस वर्षं तो धान्याच्या कोठारावर काट्यापाशी बसला. फेरवजन कुणी मागितलं नाही. मॉन्टानातल्या आमच्या गावात शिकारी आपली काडतुसं आपणच भरतात. भरलेलं काडतूस कुणी कुणाला विकत नाही. काडतुसात बसवायच्या, उरलेल्या सुट्या गोळ्या मात्र जूनच्या बाजारात येतात, आणि डबीवर चिठ्ठी हवीच: माझ्या रायफलीत ही गोळी कशी वागली, बरं-वाईट सगळं.

ऑर्विलकडे निखळ तांब्याच्या, जुन्या घडणीच्या गोळ्यांच्या तीन डब्या होत्या. हल्लीच्या गोळ्यांना नळीत कमी घासावं म्हणून खाचा असतात. या गुळगुळीत, नळीला तांबं फासत जायच्या. त्याच्या चिठ्ठीची शेवटची ओळ होती: ‘दर दहा बारांनंतर नळीतलं तांबं औषधाने काढा, नाहीतर नेम ढळतो.’ दोन वर्षं डब्या तशाच घरी परतल्या. शेजारच्या टेबलावर मी माझे नाटकातले झगे आणि मिशा मांडून बसायचो.

"शेवटची ओळ काप," मी म्हणालो. "प्रेक्षक उठून जातात."

"तुझे तसेही जायचे."

पण त्याने कात्री मागितली. मी दिली, आणि वर खड्या आवाजात डब्यांची जाहिरातही केली. तासाभरात शाळेची बस चालवणारी लोर्ना प्रुइट तिन्ही डब्या घेऊन गेली. नऊ वर्षांनी सोडतीत तिला एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना लागला होता.

नोव्हेंबरात ती रायफल घेऊन ऑर्विलच्या घरी आली. मी तिथे कॉफी पीत होतो.

"मिस्टर ट्वेट, मला लाज वाटते. सबंध सप्टेंबर सराव केला, साठ बार. आणि दोनशे पावलांवर नर उभा असताना गोळी मागच्या पायात! दोन दिवस माग काढला. सापडला नाही. तुमच्या चांगल्या गोळ्या वाया घालवल्या मी."

ऑर्विलने औषधात भिजवलेली चिंधी नळीतून सारली. तांब्याने निळी होऊन निघाली. दुसरीही निळी. सातवीही.

मग त्याने पाकिटातून कागदाची पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली. फेकवली नव्हती त्याला.

तिने वाचली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

कात्री माझी होती, एवढंच मला म्हणायचं होतं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज. मी कपात पाहत राहिलो.

"मला वाटलं, माझाच हात वाईट," ती म्हणाली आणि उरलेली दीड डबी ठेवून गेली.

पुढल्या जूनला ऑर्विलने तीच दीड डबी मांडली, पट्टी पुन्हा चिकटवून.

"आता ही ओळ ओरड," तो मला म्हणाला. "तेवढीच."

मी ओरडत राहिलो. कुणी घेतली नाही. लोर्ना दोनदा समोरून गेली, थांबली नाही. तिसऱ्यांदा मी उभा राहिलो.

"कात्री माझी होती, लोर्ना."

ती थांबली. "मोठ्याने बोला," म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाही आलं."