पहिलं ताट भागीबाईचं

धबधब्यात अर्ध्यावर चढला आहात. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, तोंडावर पाणी, आणि खाली तुमचा मित्र कॅमेरा धरून ओरडतोय, "इकडे बघ, इकडे!" एवढ्यात वरच्या कातळावर बसलेली एक बाई शिट्टी वाजवते. निघा बाहेर. आभाळ मोकळं आहे, पाणी मघाशी होतं तेवढंच आहे. निघाल का तुम्ही? खरं सांगा. की आधी विचाराल, "काय झालं हो मावशी?"

विचाराल. शिकलेली माणसं कारण कळल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून तर भागीबाईची गोष्ट सांगायला बसलेय.

हरसूलच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की पाऊण तास पायवाट, मग सतरा घरांचा पाडा. पावसाळ्यात भात आणि नागली, दिवाळीनंतर अर्धा पाडा दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला. शहाण्णव सालापासून मी तिथे जाते. रेशनकार्डं, जातीचे दाखले, कोर्टाच्या तारखा. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला तहसील कचेरीत जेवढं भांडता येतं तेवढं मी भांडलेय, आणि ते थोडंथोडकं नाही. पाड्याच्या वर एक ओहळ तीन टप्प्यांनी खाली पडतो आणि पुढे नदीला मिळतो. त्या टप्प्यांवर भागीबाई लहानपणापासून खेकडे धरत आली. बुटकी, काटक बाई. कातळ धरून धरून पायाची बोटं फाकलेली. वय विचारलं की धाकट्या लेकाचं सांगते आणि म्हणते, "त्यावरनं काय ते समजा."

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात नाशकातल्या गंगापूर रोडचा मयूर तिथे पोचला. माणूस वाईट नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. त्याने रविवारची सहल काढली. सकाळी नाशकातून जीपगाड्या निघायच्या, दहाला धबधब्याखाली. दोराने दोन टप्पे चढायचे, उतरायचे, दुपारी पुलाव खायचा. मग ट्रकच्या टायरमधल्या हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून नदीतून दोन-अडीच किलोमीटर वाहत जायचं. अंधाराच्या आत घरी.

ट्यूबा इसाकभाईंच्या. नाशकातच द्वारकेला त्यांचं पंक्चरचं दुकान. ते ट्यूबा भाड्याने द्यायचे, पण रविवारी टेम्पोबरोबर स्वतः यायचे, कारण दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नाही. एकेक ट्यूब नदीच्या कडेला पाण्यात बुडवून बघायचे. हवा भरायच्या पितळी नळीवर सायकलच्या रबराची पट्टी गुंडाळायचे, म्हणजे बसणाऱ्याच्या पोटाला लागू नये.

ट्यूबा डोक्यावर वाहायला मयूरने पाड्यातल्या चार बायांना विचारलं. तिघी लगेच हो म्हणाल्या. भागीबाई म्हणाली, "वर कोन बसनार?"

"वर म्हणजे?"

"वरच्या कातळावर. खाली मानसं पान्यात आसली का वर एक मानूस पायजे, पान्याकडं बघनारं. त्याबिगर आमच्यातलं कोनी पान्यात उतरत नाय. तुमीबी उतरायचं नाय."

मयूरला गंमत वाटली. त्याने गळ्यातली नारिंगी शिट्टी काढून तिच्या हातात दिली. "मग तुम्हीच बसा मावशी. काय वाटलं तर वाजवा."

ती बसली. तो सगळा पावसाळा आणि पुढचा अर्धा. गुडघे पोटाशी घेऊन, वरच्या वळणाकडे तोंड करून. खालची माणसं हसली, ओरडली, घसरली तरी मान वळवायची नाही. शिट्टी वाजवायची वेळ आली नाही.

आली ती ऑगस्ट दोन हजार चारमध्ये. त्या रविवारी मी तिथे होते, आणि मी भांडायला गेले होते. पाहुणे जेवून उठले की उरलेला पुलाव बायांना मिळतो, असं माझ्या कानावर आलं होतं. मयूरला त्याबद्दल चार शब्द ऐकवायचे होते. सातपूरच्या एका कारखान्यातली बावीस माणसं आली होती. सहा जण मधल्या टप्प्यावर दोराला लटकलेले, बाकीचे खाली डोहात.

शिट्टी वाजली. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

"काय झालं?" "कुणी पडलं का?" "अरे, फोटो तर होऊ दे!" सहाही जणांना उतरवून कडेला आणेपर्यंत मयूरचा घसा बसला. भागीबाई वरून ओरडून सांगत होती, हिरवा पाला आला. वाळका पाला रोज येतो. देठासकट तुटलेला हिरवा पाला येतो म्हणजे वर कुठेतरी पाणी झाडं मोडत चाललंय.

सगळे कडेला बसले. पाव तास, अर्धा तास, तास. ओहळ होता तसाच. शेवटी मयूर चढून वर गेला आणि लालबुंद होऊन परत आला. पलीकडच्या पाड्यातला एक म्हातारा ओहळाच्या काठच्या करंजाच्या फांद्या तोडून शेळ्यांना टाकत होता. त्यातला पाला खाली येत होता.

झालं. बावीस माणसांना दिवसभर पुरेल एवढी गंमत मिळाली.

"मावशी, शेळीला घाबरलात होय?"

"पुढच्या खेपेला कोंबडीसाठी पण वाजवा!"

एकाने तर बँऽऽ करून दाखवलं. त्याची बायको त्याला गप करत होती आणि स्वतः तोंडावर पदर घेऊन हसत होती. चढाई गेली, ट्यूबचा वेळ निम्मा झाला. 

जेवायची वेळ झाली. पातेल्यावरचं झाकण निघालं, पाहुणे रांगेत लागले. भागीबाई कातळावरून उतरली, सरळ रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली, पत्रावळ पुढे केली आणि म्हणाली, "आधी माझं वाढा."

माणसं बघत राहिली. मग जो हशा उठला, तो मला अजून ऐकू येतो.

"बघा! खेळाचा सत्यानाश केला आणि वर पहिला मान!"

मयूरचा तोल गेला. "तुला काही लाज आहे का गं?" पहिल्यांदाच तो तिच्याशी एकेरीवर आला.

"मी हाळी दिली. पानी आलं नाय. मग पैलं ताट माझंच ना?" भागीबाई शांतपणे म्हणाली. ती भांडत नव्हती. दोन अधिक दोन चार, हे माहीत नसलेल्या माणसाला सांगावं तसं सांगत होती.

मला वाटलं, बाई पेटून उठली! उरलंसुरलं खाणार नाही म्हणतेय! मी मध्ये घुसले आणि मयूरला त्याच्या सात पिढ्यांसकट झाडायला सुरुवात केली. एक-दोन मिनिटं माझं जोरात चाललं होतं. मग दंडावर हात पडला.

"ताई, तुमी गप बसा. हे भांडान नाय."

तिने शिट्टी गळ्यातून काढली आणि पातेल्याच्या झाकणावर ठेवली. "हासला ना तुमी? आता माझ्या हातनं ही वाजनार नाय. दुसरं मानूस बघा." आणि रिकामी पत्रावळ घडी करून कमरेला खोचली आणि चालू लागली. बाकीच्या तिघींनी नदीकडे न्यायला डोक्यावर घेतलेल्या ट्यूबा खाली ठेवल्या आणि तिच्या मागे गेल्या. चौघींच्या मागे मी, फुगलेलं तोंड घेऊन.

तिच्या ओट्यावर चहा पिताना मला समजलं. आठ वर्षं मी त्या पाड्याचे अर्ज लिहीत होते, पण खेकड्यांना एकदाही गेले नव्हते, म्हणून मला माहीत नव्हतं. समजावलं ते बयाबाईने. बयाबाई भागीबाईची मोठी जाऊ, डावा पाय ओढत चालते. मला वाटायचं, जन्मापासून असेल.

"आमच्यात वर बसल्यालीनं हाळी दिली का निघायचं," बयाबाई म्हणाली. "का, म्हनून विचारायचं नाय. आन पानी नाय आलं, तर तिला हासायचं नाय. धरल्याल्या खेकड्यांतली पैली वंजळ तिची. तिला वाटलं पायजे, का हाळी दिली ते बरंच झालं."

"आणि पाणी आलं तर?"

"आलं तर काय? जित्या ऱ्हायल्या तेच लय झालं."

मग तिने पाय पुढे करून दाखवला. नडगीचं हाड वाकडं जुळलेलं. "पर एकडाव हासलं व्हतं. धा-अकरा वर्सं झाली. ही भागी वर बसल्याली. हिनं हाळी दिली, पानी काय आलं नाय. एकजन हिला म्हनाली, तुझ्याच डोळ्यात पानी आलं आसंल, ते वढ्यात दिसलं. सगळ्या हासल्या. दुसऱ्या दिशी परत हीच वर. पाला आला. ही इचारात पडली. देऊ का नको, देऊ का नको. घटकाभर बी नाय, एक इडी पेटवायला लागती तेवढाच टाइम. त्यात पानी आलं, आन पान्यातला लाकडाचा वंडका माझ्या पायावर."

"हसली कोण होती?" मी विचारलं. त्या कोणाला तरी दोन शब्द सुनवायची माझी तयारी झालीच होती.

"मीच," बयाबाई म्हणाली.

भागीबाई चुलीकडे बघत बसली होती. "ताई, ज्याला हासत्यात त्याचा हात थांबतो," ती म्हणाली. "माझा थांबला व्हता. परत थांबनार नाय. म्हनून जिथं हासत्यात तिथं मी बसनार नाय."

पुढचे चार रविवार चौघींपैकी एकही गेली नाही. मयूरने दोनदा निरोप पाठवला, मजुरी वाढवून देतो म्हणाला. भागीबाईने निरोप्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मयूरने नाशकातून एक माणूस आणून कातळावर बसवला. डोंगर चढायचं प्रशिक्षण घेतलेला, सर्टिफिकेटवाला. सहल सुरू राहिली.

चौथ्या रविवारी काय झालं ते मला इसाकभाईंनी द्वारकेला, त्यांच्या दुकानातल्या लाकडी खोक्यावर बसवून सांगितलं. ते त्या दिवशी धबधब्याखालीच ट्यूबा बुडवून बघत होते. समोरून हिरवा पाला वाहत आला. त्यांनी वर बघितलं. कातळावरच्या माणसानेही पाला पाहिला होता. त्याचा हात शिट्टीसकट तोंडाकडे गेला. त्याने खाली मयूरकडे बघितलं. हात तोंडापर्यंत पोचला नाही, मांडीवर परत आला.

त्या दिवशीही पाणी आलं नाही. पण इसाकभाई उठले आणि एकेका ट्यूबची हवा सोडायला लागले. सगळ्या ट्यूबांची. फुस्स, फुस्स, फुस्स.

"अहो चाचा, वेड लागलं का?" मयूर धावत आला.

"त्याचा हात वापस गेला. मी बघितला."

"पण पाणी कुठे आलंय?"

"नहीं आया, तो? मयूरभाई, माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, चाचा, हवा कमी वाटते. मी ट्यूब बुडवतो, बुडबुडा निघत नाही. गिऱ्हाईक हसतं, काहीच नव्हतं, उगाच टाइम घालवला. हसू दे ना! पण त्याच्या हसण्याला भिऊन ज्या दिवशी मी न बुडवता ट्यूब देईन, त्या दिवशी शटर खाली. वर ती बाई बसेल, तर माझी ट्यूब पाण्यात जाईल. नाहीतर घेऊन चाललो."

टेम्पो भरला आणि खरोखर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मयूर पाड्यावर आला. मी तिथेच होते, आणि मला कोणी बोलू दिलं नाही, हे मुद्दाम सांगते. तो ओट्याच्या खालीच उभा राहिला. "भागीबाई, चुकलं माझं. तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हनंन तसं नाय. पान्यात उतरनारा म्हनंल तसं. हरेक मानूस उतरायच्या आदी माझ्याफुडं बोलनार: शिट्टी वाजली तर निघंन, इचारनार नाय, हासनार नाय. बोलनार नाय तो काठावर बसंल. आन पानी आलं नाय तर पैलं ताट माझं."

"आणि आलं तर?"

बयाबाई आतून ओरडली, "आलं तर तुमीच जेवा की, जित्ते ऱ्हायले म्हनून!"

मयूर हसला. त्या हसण्याला हरकत नव्हती.

पुढच्या रविवारी सतरा माणसं भागीबाईसमोर ओळीने उभी राहिली. बँकेतला एक साहेब म्हणाला, "हा काय पोरखेळ!" भागीबाईने बोटाने काठ दाखवला. साहेब दहा मिनिटं काठावर बसले, मग उठून आले आणि पुटपुटत बोलले. "मोठ्यानं," ती म्हणाली. साहेब मोठ्याने बोलले.

तेव्हापासून पाच पावसाळे ती तिथे बसतेय. शिट्टी किती वेळा वाजली, ते मी सांगू शकते: अकरा वेळा. त्यातल्या किती वेळा पाणी आलं, हे मला प्रत्येक भाषणानंतर कोणी ना कोणी विचारतं. मी सांगत नाही. चिडते. पाणी आलं नाही म्हणून हसताना बयाबाईने हाच हिशेब केला होता, आणि तिचा पाय मी बघितलाय.

तुम्ही जाल एखाद्या रविवारी. तिथे नाही तर दुसऱ्या धबधब्यावर, दुसऱ्या कोणाच्या ट्यूबमध्ये बसून. उतरायच्या आधी बघा, वर कोण बसलंय. कोणीच नसेल तर उतरू नका. शिट्टी वाजली तर बाहेर या, तोंड न उघडता. आणि पाणी आलंच नाही, तर पातेल्यापाशी रांग लागेल तेव्हा मागे सरका, आणि तिला हाक मारून पहिलं ताट तिच्या हातात द्या.